व्हायब्रो रोलर सुरू करण्याआधी आणि नंतर: धरण व भरावाच्या दबाईची नवख्यांसाठी वाटचाल

भरावाच्या कामावर नव्याने आलेल्या माणसाचे लक्ष आधी रोलरकडे जाते. दहा-अकरा टनांचे धूड, पायाखालची थरथर, कानात घुमणारा आवाज. दबाई म्हणजे हेच, असा समज होतो. प्रत्यक्षात ड्रायव्हर चावी फिरवतो तोवर त्या थराची घनता बरीचशी ठरून गेलेली असते. माती कोणती आणली, तिच्यात पाणी किती आहे आणि थर किती जाड पसरला, या तीन गोष्टींपैकी एक जरी बिनसली असेल तर आठाच्या सोळा फेऱ्या मारूनही डिझेल जळण्यापलीकडे फारसे काही होत नाही. म्हणून सुरुवात मातीपासून करू, रोलर नंतर येईल.

पायरी १: माती हातात घ्या

दबाईच्या दृष्टीने मातीची दोन घराणी आहेत. वाळू, खरबरीत मुरूम, खडी आणि दगड हे सुटे कण. ते एकमेकांना धरून असतात ते केवळ घर्षणाने. ड्रमच्या कंपनाने हे घर्षण क्षणभर सैल पडते, कण सरकतात, लहान कण मोठ्यांच्या फटीत बसतात. बरणीत वाळू ओतून बरणी हलवली की पातळी खाली जाते, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडते. दुसरे घराणे चिकणमातीचे. तिच्या कणांमध्ये चिकटपणा असतो आणि तो कंपनाने सुटत नाही. तिला दाबावे आणि मळावे लागते. ते काम पायांचा रोलर करतो, म्हणजे शीपफूट किंवा पॅडफूट. हल्लीचे बहुतेक पॅडफूट रोलर कंपनही देतात, पण चिकणमातीत खरे काम पायांचे आणि वजनाचे असते.

दोन्हींच्या मधली गाळवट माती सगळ्यात त्रासदायक. कोरडी असताना पिठासारखी उडते, आणि पाणी जरा जास्त झाले की कंपनाखाली थुलथुलीत होते. ती ओळखायची सोपी रीत आहे. ओल्या मातीचा गोळा तळहातावर घ्या आणि दुसऱ्या हाताने तळहाताला कडेने टपल्या मारा. पृष्ठभागावर पाणी चमकले आणि गोळा बोटांनी दाबल्यावर ती चमक नाहीशी झाली, तर माती गाळवट आहे. चिकणमाती असे करत नाही. तिचा ३ मिमी जाडीचा दोरा न तुटता वळता येतो.

मातीच्या धरणात हे सगळे प्रकार शेजारी शेजारी येतात. मधला, पाणी अडवणारा गाभा (हार्टिंग) चिकणमातीचा, त्याला पॅडफूट आणि साधारण १५ ते २० सेंमीचा दबलेला थर. गाभ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे तलावाच्या विरुद्ध बाजूला, वाळूचा फिल्टर, त्याला गुळगुळीत ड्रमचा व्हायब्रो आणि सुमारे ३० सेंमीचा थर. बाहेर केसिंग, म्हणजे गाभ्याला आधार देणारा भराव, त्यात मुरूम असेल तर पुन्हा व्हायब्रो. दगडी भराव असेल तर थर ८० सेंमी ते १ मीटरपर्यंत जातो आणि रोलर किमान दहा टनांच्या वर्गातला लागतो. दगडी भरावाबाबत एक इतिहास माहीत असलेला बरा. १९६० च्या दशकाच्या सुमारापर्यंत दगड उंचावरून ओतून त्यावर पाण्याचे झोत मारायची पद्धत होती, आणि अशी धरणे पुढे वर्षानुवर्षे खचत राहत. जड व्हायब्रेटरी रोलर आले, थर पातळ झाले, खचणे झपाट्याने कमी झाले. दगडी भरावावर काँक्रीटचा पडदा घातलेली उंच धरणे त्यानंतरच भरवशाची ठरली.

थरातला सगळ्यात मोठा दगड थराच्या जाडीच्या दोन तृतीयांशापेक्षा मोठा नसावा. मोठा दगड ड्रमचा भार स्वतःवर घेतो आणि त्याच्या कडेची माती पोकळ राहते. वरून दिसत काहीच नाही.

पायरी २: प्रयोगशाळेचा आलेख वाचा, नुसता आकडा घेऊ नका

लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यात मातीच्या धरणांवर काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये एक साधी गोष्ट लेखांतून मांडली. ठरावीक जोराने माती कुटली तर एका विशिष्ट ओलाव्याला तिची शुष्क घनता सर्वात जास्त येते. त्या ओलाव्याला साइटवर ओएमसी म्हणतात आणि त्या घनतेला एमडीडी. यापेक्षा कोरडी माती घर्षणामुळे सरकत नाही, यापेक्षा ओल्या मातीत पाणीच जागा अडवून बसते.

नवखा माणूस इथे दोनदा फसतो. पहिली फसगत चाचणीच्या प्रकारात. भारतीय मानकाच्या हलक्या चाचणीत २.६ किलोचा हातोडा ३१० मिमीवरून पडतो, तीन थर, प्रत्येकी २५ ठोके. जड चाचणीत ४.९ किलोचा हातोडा, ४५० मिमी, पाच थर. हिशेब केला तर दर घनमीटर मातीला मिळणारी ऊर्जा पहिल्यात सुमारे ६०० किलोज्यूल आणि दुसऱ्यात सुमारे २,७०० किलोज्यूल, म्हणजे साडेचारपट. त्यामुळे जड चाचणीत एमडीडी वाढते आणि ओएमसी घटते. दबाई एमडीडीच्या टक्क्यांत सांगतात, म्हणून ‘९८ टक्के’ असे कुणी म्हटले की पहिला प्रश्न असा विचारा: कोणत्या चाचणीचे ९८?

दुसरी फसगत आलेखावरच्या शून्य हवा रेषेची. मातीतली सगळी हवा गेली असे धरले तर त्या ओलाव्याला शुष्क घनता जास्तीत जास्त किती असू शकते, ते ही रेषा सांगते. कणांचे विशिष्ट गुरुत्व २.७० आणि ओलावा १६ टक्के असेल तर ही मर्यादा २.७० भागिले १.४३२, म्हणजे सुमारे १.८९ ग्रॅम प्रति घनसेंमी. साइटच्या अहवालात १६ टक्के ओलाव्याला १.९४ घनता लिहून आली असेल तर ती दबाई उत्तम झाल्याची खूण समजू नका. वजन, खड्ड्याचे आकारमान किंवा ओलावा, यातले काहीतरी चुकलेले आहे. हा आडाखा मी प्रत्येक नव्या इंजिनिअरला पहिल्याच दिवशी शिकवावा या मताचा आहे, कारण अशक्य आकडे कुठल्याही रोलरपेक्षा कागदावर सहज तयार होतात.

स्वच्छ वाळूला प्रॉक्टरचा आलेख नीट लागू पडत नाही. ओलसर वाळू फुगते. कणांमधल्या पाण्याच्या पातळ पडद्यामुळे कण एकमेकांपासून दूर धरले जातात. ती दाबायची तर एकतर अगदी कोरडी किंवा भरपूर पाणी देऊन. तिचा दर्जा सापेक्ष घनतेने मोजतात, म्हणजे सर्वात सैल आणि सर्वात घट्ट या दोन टोकांच्या दरम्यान ती कुठे आहे त्यावरून.

पायरी ३: पाणी खाणीत जमवा, भरावावर नाही

नव्या माणसाने सर्वाधिक वेळ कुठे द्यावा असे विचारले तर मी माती खोदण्याच्या जागेकडे बोट दाखवीन. चिकणमातीत पाणी मुरायला वेळ लागतो. भरावावर पसरलेल्या थरावर टँकरने पाणी मारले की वरचे चार बोटे चिखल होतो आणि खालची ढेकळे आतून कोरडीच राहतात. वरून ओलावा मोजला तर सरासरी बरोबर येते, थर मात्र खराब असतो. म्हणून खाणीत वाफे करून आदल्या दिवशी किंवा त्याही आधी पाणी सोडावे, मुरू द्यावे, मग खोदावे. भरावावरचे पाणी फक्त उन्हावाऱ्याने उडालेल्या ओलाव्याची भरपाई म्हणून.

किती पाणी लागेल याचा हिशेब शुष्क वजनावर करायचा. खाणीतल्या १०० घनमीटर मातीची शुष्क घनता १.६ टन प्रति घनमीटर असेल तर कोरडी माती १६० टन. ओलावा ११ वरून १५ टक्क्यांवर न्यायचा आहे, म्हणजे १६० चे ४ टक्के, ६.४ टन, अर्थात ६,४०० लिटर. यावर बाष्पीभवनाचा वाटा वेगळा.

गाभ्याची माती ओएमसीच्या थोडी ओल्या बाजूला ठेवण्याकडे कल असतो. पुष्कळ धरणांच्या विनिर्देशांत उणे १ ते अधिक २ टक्के असा पट्टा दिसतो, पण तुमच्या कामाचा पट्टा कंत्राटातच पाहा. कारण केवळ घनता नाही. कोरड्या बाजूला दाबलेली चिकणमाती हाताला टणक लागते, पण तिची आतली रचना ढेकळांची असते. तिच्यातून पाणी झिरपण्याचा वेग तेवढ्याच घनतेच्या ओल्या बाजूच्या मातीपेक्षा दहापट, कधी शंभरपटही जास्त असतो, आणि तलाव भरल्यावर ती ठिसूळपणे तडकते. ओली बाजू लवचीक असते, भेगा कमी पडतात. मात्र फार ओली झाली तर भराव चढत असतानाच आत पाण्याचा दाब साठतो आणि उतार घसरण्याची भीती वाढते. म्हणजे ९८ टक्के घनता दोन्ही बाजूंना मिळू शकते, पण धरणाला त्यातली एकच बाजू उपयोगाची असते.

पायरी ४: ड्रमच्या आत काय चालते

व्हायब्रेटरी ड्रमच्या आत एक दांडा वेगाने फिरतो आणि त्यावर एका बाजूला वजन बसवलेले असते. वजन केंद्राबाहेर असल्याने ड्रम वरखाली उसळतो. ड्रम किती उसळतो ते अँप्लिट्यूड, सेकंदाला किती वेळा ते फ्रीक्वेन्सी. मातीकामाच्या रोलरमध्ये अँप्लिट्यूड साधारण ०.८ ते २ मिमी आणि फ्रीक्वेन्सी २५ ते ४० हर्ट्झच्या आसपास असते. बऱ्याच रोलरमध्ये दांडा उलट दिशेने फिरवला की सुटे वजन दुसऱ्या बाजूला सरकते, आणि अशा रीतीने एकाच ड्रमला जास्त आणि कमी असे दोन अँप्लिट्यूड मिळतात.

माहितीपत्रकात केंद्रापसारी बल ठळक छापलेले असते. त्याला भुलू नका. हे बल फ्रीक्वेन्सीच्या वर्गाने वाढते. ३० वरून ३३ हर्ट्झ केले की २१ टक्के जास्त बल कागदावर मिळते, पण ड्रमचा अँप्लिट्यूड त्यामुळे वाढत नाही. खोलवर दबाई पोचवतो तो ड्रमचा अँप्लिट्यूड आणि ड्रमखालचे वजन. म्हणून सुरुवातीच्या फेऱ्या जास्त अँप्लिट्यूड आणि कमी फ्रीक्वेन्सीवर, शेवटच्या कमी अँप्लिट्यूडवर.

वेग हा सर्वांत दुर्लक्षित आकडा. ताशी ४ किमी म्हणजे सेकंदाला १.११ मीटर. ३० हर्ट्झला दोन ठोक्यांमधले अंतर सुमारे ३७ मिमी. ड्रायव्हरने घाईने ताशी ८ किमी पकडले की अंतर ७४ मिमी, म्हणजे फेऱ्या तेवढ्याच पण ठोके निम्मे. वहीत ‘८ फेऱ्या’ हीच नोंद राहते.

ड्रायव्हरला तीन गोष्टी बजावून ठेवा. रोलर चालू लागल्यावरच कंपन सुरू करायचे आणि थांबण्याआधी बंद करायचे, नाहीतर जागच्या जागी खड्डा पडतो. दिशा बदलताना झटका द्यायचा नाही. आणि सकाळी हायड्रॉलिक तेल गार असताना फ्रीक्वेन्सी कमी असते, तेव्हा मीटर पाहूनच काम सुरू करायचे. ड्रमला धरून ठेवणारे रबरी बफर फाटलेले असले तर कंपन जमिनीऐवजी सीटमध्ये जाते. ते ड्रायव्हरला लगेच कळते, पण विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

पायरी ५: ट्रायल पॅच

मुख्य कामाआधी त्याच मातीचा, त्याच रोलरने एक चाचणी पट्टा करा. पायाची जमीन आधी पक्की करून घ्या, नाहीतर मऊ जमीनच निकाल देईल. दोन-तीन वेगवेगळ्या जाडीचे आणि शक्यतो दोन-तीन ओलाव्यांचे तुकडे ठेवा. २, ४, ६, ८, १० फेऱ्यांनंतर घनता मोजा आणि ठरलेल्या बिंदूंची लेव्हल घ्या. आलेख सुरुवातीला झपाट्याने चढतो आणि मग सपाट होतो. सपाट व्हायला लागतो तिथली फेऱ्यांची संख्या घ्यायची. पुढच्या फेऱ्या वाया तर जातातच, शिवाय फिल्टरच्या वाळूत त्या नुकसान करतात. कण फुटून बारीक भुकटी वाढते आणि पाणी वाहून नेणे हे फिल्टरचे कामच बिघडते. दाबण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा चाळणी चाचणी करा.

दगडी भरावात घनतेसाठी मोठे खड्डे खणून पाणी भरून आकारमान मोजावे लागते. ते वेळखाऊ आहे. त्यामुळे तिथे रोजचे नियंत्रण पद्धतीवर असते: थर, रोलरचे वजन, फेऱ्या आणि पाण्याचे प्रमाण ठरवून द्यायचे आणि ते पाळले जाते का ते पाहायचे.

ट्रायल पॅचवरून उत्पादनही काढता येते. ड्रम २.१ मीटर, २० सेंमी ओव्हरलॅप वजा जाता १.९ मीटर, वेग ताशी ४,००० मीटर, थर ०.२ मीटर, ८ फेऱ्या, कार्यक्षमता ७५ टक्के. १.९ × ४,००० × ०.२ × ०.७५ ÷ ८ म्हणजे ताशी सुमारे १४२ घनमीटर. डंपर ताशी २०० घनमीटर आणत असतील तर एका रोलरवर काम भागणार नाही, आणि भागतंय असे दिसत असेल तर फेऱ्या कापल्या जात आहेत.

पायरी ६: रोजची दबाई

मागच्या थराचा पृष्ठभाग गुळगुळीत किंवा वाळलेला असेल तर तो खरवडा, ओलसर करा, मगच नवा थर. न खरवडलेला सांधा म्हणजे धरणाच्या आरपार झिरपण्याची आडवी वाट. पॅडफूटचे ठसे राहतात त्यामुळे तिथे हा प्रश्न कमी येतो. गाभ्यात रोलर धरणाच्या अक्षाला समांतर चालवा. उभ्या-आडव्या पट्ट्यांमध्ये जे काही सांधे राहतील ते निदान वरच्या पाण्याकडून खालच्या बाजूला जाणारे नसतील.

पॅडफूट चालताना पाय पाहत राहा. पहिल्या फेरीला पाय पूर्ण बुडतात. माती दबत गेली की ते हळूहळू वर येतात आणि ड्रम जणू पायांवर चालू लागतो. फेऱ्या संपत आल्या तरी पाय बुडतच असतील तर माती ओली आहे किंवा थर जाड आहे. रोलरपुढे माती लाटेसारखी उठत असेल तर ताबडतोब थांबा. ओल्या मातीत आणखी फेऱ्या मारल्याने तिच्यात घसरणीचे चकचकीत पापुद्रे तयार होतात आणि ताकद उलट घटते.

गुळगुळीत ड्रमखाली वाळूचा वरचा दहाएक सेंमी भाग कायम सैल राहतो, कारण त्याला वरून आवळणारे काही नसते. तो पुढचा थर दाबताना बसतो. चाचणीचा खड्डा घेताना हा भाग काढून घ्या. उताराच्या कडेचेही तसेच. कडेला आधार नसल्याने तिथे दबाई होत नाही. भराव अर्धा-एक मीटर जास्त रुंद करून नंतर छाटावा. रोलर उलटण्याचे अपघातही बहुधा अशाच कडेला होतात. रोलरला संरक्षक चौकट असली तरी सीटबेल्ट न लावल्यास तिचा उपयोग नाही.

पायरी ७: रोलर जिथे पोचत नाही

धरणे सहसा मधल्या भरावात बिघडत नाहीत. कड्याचा खडक, काँक्रीटची भिंत, विमोचकाचा (धरणातून पाणी सोडण्याचा) पाइप, भरावातली उपकरणे, अशा कोपऱ्यांत बिघडतात, कारण तिथे मोठा रोलर जात नाही आणि संध्याकाळची घाई असते. अमेरिकेतले टिटॉन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदाच भरत असताना फुटले आणि ११ जणांचा जीव गेला. कारणांच्या साखळीत रोलर कमी पडला हे नव्हते. भेगाळलेल्या खडकात खणलेल्या अरुंद चरात सहज वाहून जाणारी गाळवट माती भरली होती, आणि खडकाच्या भेगा पुरेशा बुजवलेल्या नव्हत्या. पाण्याने ती माती आतून पोखरली.

म्हणून खडकाला लागून असलेली माती थोडी जास्त ओली आणि चिकट घ्या, म्हणजे ती खाचांत दाबून बसेल. तिथे थर १० सेंमीच्या आसपास ठेवा, दगडगोटे हाताने वेचून काढा, रबरी चाकांचे भरलेले वाहन किंवा हाताचा रॅमर वापरा. खडकाच्या बाहेर आलेल्या कडा आधी काँक्रीटने भरून घ्या. छत असलेल्या खाचेत माती कितीही कुटली तरी वर पोकळी राहतेच. रॅमर चिकणमातीला, प्लेट व्हायब्रेटर वाळूला. उलटे केले तर दोन्ही कुचकामी. पाइपच्या दोन्ही बाजूंना भराव एकाच वेळी चढवा.

पायरी ८: खड्डा घ्या आणि हिशेब करा

मऊ, दगड नसलेल्या चिकणमातीत कोअर कटर, म्हणजे मातीत ठोकून नमुना काढायची नळी. खडी असेल तर सँड रिप्लेसमेंट, म्हणजे खड्डा खणून त्यात मोजकी वाळू ओतून आकारमान काढणे. खड्ड्यातून काढलेली ओली माती २,४१५ ग्रॅम, खड्ड्यात मावलेल्या वाळूवरून आकारमान १,१८० घनसेंमी. ओली घनता २.०४७. ओलावा १४ टक्के, म्हणून शुष्क घनता २.०४७ भागिले १.१४, म्हणजे १.७९५. एमडीडी १.८४ असेल तर दबाई ९७.६ टक्के. वाळू ओतताना शेजारून रोलर जात असेल तर खड्ड्यातली वाळूच दबते आणि निकाल बिघडतो. तेवढा वेळ रोलर थांबवायचाच.

प्रयोगशाळेत मोठी खडी चाळून काढलेली असते, खड्ड्यात ती असते. दगड मातीपेक्षा जड असल्याने घनता फुगते आणि ‘१०३ टक्के’ असे निकाल येतात. खडीचे प्रमाण काढून दुरुस्ती केल्याशिवाय असे आकडे मानू नका.

ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर माती वाळेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो आणि तोवर वर दोन थर चढलेले असतात. यावर अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रिक्लमेशनमधल्या जॅक हिल्फ यांनी काढलेली जलद पद्धत धरणांवर खूप वापरली जाते. खड्ड्यातल्याच मातीचे तीन नमुने थोडे पाणी बदलून कुटायचे. ओलावा प्रत्यक्ष न मोजता दबाईची टक्केवारी आणि ओएमसीपासूनचे अंतर तासाभरात मिळते. किरणोत्सर्गी स्रोतावर चालणारा न्यूक्लिअर गेज तर मिनिटांत निकाल देतो, पण त्याला परवाना, प्रशिक्षित माणूस आणि त्या मातीसाठी स्वतंत्र पडताळणी लागते.

आता एक गणित. १,५०० घनमीटरला एक चाचणी आणि खड्डा दोन लिटरचा, म्हणजे साडेसात लाख भागांतला एक भाग तुम्ही पाहिला. बाकीचा भराव तुम्ही डोळ्यांनी, पायाने आणि फेऱ्या मोजूनच तपासलेला असतो.

पायरी ९: रोलरवरचे मीटर

ही उणीव भरून काढायला १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये हाइन्झ थुर्नर यांच्या कामातून एक युक्ती आली. ड्रमवर त्वरणमापक बसवला. मऊ जमिनीवर ड्रमचे कंपन सुबक, एकसारखे असते. जमीन कडक होत गेली की ड्रम आपटून उसळू लागतो आणि मूळ फ्रीक्वेन्सीच्या दुपटीवरचा घटक वाढतो. या दोन घटकांचे गुणोत्तर एका स्थिरांकाने, बहुधा ३०० ने, गुणले की जो आकडा येतो त्याला सीएमव्ही (कॉम्पॅक्शन मीटर व्हॅल्यू) म्हणतात. पुढे इतर उत्पादकांनी थेट कडकपणा किंवा लवचीकता गुणांक दाखवणारी मीटर आणली. जीपीएस जोडल्यावर पडद्यावर सगळ्या पट्ट्याचा रंगीत नकाशा दिसतो.

नकाशा सुंदर असतो, म्हणूनच सांभाळून वाचावा. तो घनता दाखवत नाही, कडकपणा दाखवतो. आणि एका थराचा नाही, तर साधारण मीटरभर किंवा त्याहून खोल भागाचा एकत्रित. खाली मऊ जागा असेल तर वरचा उत्तम दबलेला थरही लाल दिसेल. कोरड्या बाजूची चिकणमाती हिरवीगार दिसेल आणि पाणी लागल्यावर बसेल. म्हणून माझ्या मते खडीमुरूम, वाळू आणि दगडी भरावात या मीटरवर भरपूर विसंबावे, गाभ्यात त्याच्याकडून फक्त कच्च्या जागा विचाराव्यात.

वापरताना वेग, अँप्लिट्यूड, फ्रीक्वेन्सी आणि चालण्याची दिशा सगळ्या मोजणीत सारखी ठेवा. ट्रायल पॅचवर कमी, मध्यम आणि जास्त आकड्यांच्या जागी प्लेट लोड (पोलादी तबकडीवर भार देऊन ती किती खचते ते पाहणारी) किंवा घनता चाचणी करून संबंध जुळवा. सहसंबंध गुणांक ०.७ च्या खाली असेल तर तो संबंध स्वीकारासाठी वापरू नका. जमीन फार कडक झाली आणि अँप्लिट्यूड जास्तच राहिला तर ड्रम एकाआड एक चक्रात उंच उडी मारून आपटतो. याला डबल जंप म्हणतात. अशा वेळी सीएमव्ही अचानक घसरतो, आणि नवखा माणूस जमीन मऊ झाली समजून आणखी फेऱ्या मारतो. प्रत्यक्षात दगड फुटत असतात, वरचा भाग सैल होत असतो आणि यंत्राची बेअरिंग जात असते. मीटरवर या उड्यांसाठी वेगळा आकडा असतो, तो आधी पाहा आणि अँप्लिट्यूड कमी करा.

या सगळ्याचा सर्वात चांगला उपयोग साधा आहे: खड्डा कुठे घ्यायचा ते नकाशावरून ठरवा. सर्वात कमी आकड्याच्या जागी घेतलेला खड्डा पास झाला तर बाकीच्या पट्ट्याबद्दल बऱ्यापैकी खात्री बाळगता येते.

पायरी १०: जमीनच सैल असेल तर

पायाखाली आठ-दहा मीटर सैल वाळू असेल तर वरून रोलर फिरवून उपयोग नाही. १९३० च्या दशकात जर्मनीत विकसित झालेल्या पद्धतीत लांब दंडगोल कंपक पाण्याच्या झोतासह जमिनीत उतरवतात आणि टप्प्याटप्प्याने वर काढत आजूबाजूची वाळू बसवतात. बारीक कण १०–१५ टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर हे नीट चालत नाही, मग छिद्रात खडी भरून स्तंभ करतात. दुसरी वाट लुई मेनार यांनी रूढ केलेल्या डायनॅमिक कॉम्पॅक्शनची, म्हणजे क्रेनने अवजड वजन टाकण्याची. परिणामाची खोली मीटरमध्ये ढोबळमानाने वजन (टन) गुणिले उंची (मीटर) याच्या वर्गमुळाच्या निम्मी. १५ टन, २० मीटर: ३०० चे वर्गमूळ १७.३, म्हणजे साडेआठ मीटरच्या आसपास. दोन्हींत आधी आणि नंतर कोन पेनिट्रेशन चाचणी (जमिनीत शंकू ढकलून विरोध मोजणे) घेतल्याशिवाय काय साधले ते कळत नाही.

पायरी ११: कंपनाचे शेजारी

जवळ इमारत, जुनी भिंत किंवा नुकतेच ओतलेले काँक्रीट असेल तर काम सुरू करण्याआधी भेगांचे फोटो घ्या आणि कंपनमापक बसवा. जर्मन मानक डिन ४१५० च्या तिसऱ्या भागात १० ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे रोलर ज्यात चालतो त्यात, राहत्या घरांच्या पायाशी सेकंदाला ५ ते १५ मिमी आणि नाजूक वारसा वास्तूंसाठी ३ ते ८ मिमी अशी मार्गदर्शक मूल्ये आहेत. आकडा वाढला तर अँप्लिट्यूड कमी करा, थर पातळ करा, किंवा कंपन बंद करून नुसत्या वजनावर जास्त फेऱ्या मारा. रोलर सुरू होताना आणि थांबताना जमिनीची स्वतःची फ्रीक्वेन्सी ओलांडली जाते आणि धक्का जास्त बसतो, म्हणून या दोन्ही क्रिया इमारतीपासून लांब करा.

रॅमर धरणाऱ्या माणसाच्या हातांचाही विचार करा. युरोपीय नियमांत हातांना बसणाऱ्या कंपनाची आठ तासांची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे आणि २.५ पासूनच उपाय करावे लागतात. पाळीपाळीने माणसे बदलणे हा सर्वात स्वस्त उपाय. बोटे पांढरी पडणे किंवा मुंग्या येणे ही तक्रार ऐकली तर त्याला त्या दिवशी रॅमर देऊ नका.

पायरी १२: थर नापास झाला तर

आधी ओलावा पाहा. ओलावा पट्ट्यात असेल आणि घनता थोडी कमी असेल तर त्याच थरावर दोन-तीन फेऱ्या मारून पुन्हा मोजा. ओलावा पट्ट्याबाहेर असेल तर फेऱ्यांनी काही होणार नाही. थर पूर्ण खोलीपर्यंत नांगरून उलटा करा, पाणी द्या किंवा सुकू द्या, पुन्हा मिसळा आणि नव्याने दाबा. जाड थर असेल तर वरचा भाग ग्रेडरने काढून दोन थरांत करा. एका खड्ड्याच्या नापास निकालाची हद्द किती, हेही ठरवावे लागते: चारी बाजूंना खड्डे घेत जा आणि पास झालेल्या खड्ड्यांच्या आतला भाग पुन्हा करा. नापास खड्ड्याशेजारी हातभर अंतरावर दुसरा खड्डा घेऊन तो पास झाला म्हणून पहिला निकाल वहीतून काढणे हे साइटवर सर्रास सुचवले जाते. तसे करू नका. पहिला निकाल, केलेली दुरुस्ती आणि नंतरचा निकाल, तिन्ही त्याच पानावर, थराची पातळी आणि चेनेज (धरणाच्या अक्षावरचे अंतर) लिहून ठेवा. खड्डे त्याच मातीने, तेवढ्याच ओलाव्याने, पातळ थरांत कुटून बुजवा आणि मगच पुढच्या डंपरला वर येऊ द्या.